मेड इन कुठे? जुन्या पाइपचं वय शोधताना

आजचा एपिसोड तळहातात मावणाऱ्या एका लाकडी वस्तूबद्दल आहे. तिच्या अंगावर पाच-सहा शब्द कोरलेले असतात, इतके बारीक की मोबाईलचा कॅमेरा झूम केल्याशिवाय वाचता येत नाहीत. ही वस्तू म्हणजे ब्रायरचा पाइप. नळाचा नव्हे, तंबाखूचा. जुन्या हिंदी सिनेमात ड्रेसिंग गाऊन घातलेले हिरॉईनचे वडील हातात धरून जिना उतरायचे ना, तो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी ओढत नाही, तुम्हीही ओढू नका. तंबाखू वाईटच, पाइपमधून ओढला तरी. मला या वस्तूत रस आहे तो एकाच प्रश्नामुळे: हा पाइप कधीचा?

प्रश्न साधा वाटतो. जुन्या बाजारात कुठल्याही विक्रेत्याला विचारा, उत्तर तयार असतं, "अंग्रेज के जमाने का है साब." तेवढं बोलून किमतीत एक शून्य वाढतं. घरातल्या पाइपचंही तसंच. आजोबांचा आहे म्हणजे जुना, पणजोबांचा आहे म्हणजे फारच जुना, आणि साहेबाने दिलेला असेल तर विचारूच नका. पण पाइपच्या अंगावर तारीख नसते. अगदी थोडे अपवाद सोडले तर कुणीच सन कोरला नाही. मग शोधायचं कसं?

पहिला विचार येतो लाकडाचा. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढतं: कॉर्सिका, इटलीतला कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया. पाइप त्याच्या फांदीचा किंवा खोडाचा बनत नाही. मूळ आणि खोड यांच्या मध्ये, जमिनीत, एक मोठी गाठ वाढते, तिचा बनतो. ही गाठ काढायची, तिचे ठोकळे कापायचे, ते तासन् तास उकळायचे, मग महिनोन् महिने वाळवायचे. एवढं सगळं केलं की जे लाकूड हाती येतं ते आतमध्ये निखारा ठेवला तरी सहज जळत नाही. त्याआधी युरोपात मातीचे पाइप होते, स्वस्त आणि लगेच फुटणारे. श्रीमंतांसाठी मेरशॉमचे होते. हे पांढरं, हलकं खनिज तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या भागात मिळतं. १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातल्या साँ क्लोद गावात ब्रायरचे पाइप बनू लागले. तिथे लाकूड लेथवर फिरवून वस्तू बनवणारे कारागीर आधीपासून होतेच. बघता बघता ते गाव पाइपची राजधानी झालं.

म्हणजे एक सीमा इथेच मिळाली. कुणी तुम्हाला १८०० सालचा ब्रायर पाइप दाखवला तर हसून नमस्कार करा.

(शेरलॉक होम्सचा तो मोठा, भोपळ्यासारखा वळलेला पाइप आठवतोय? मूळ कथांमध्ये तो नाहीच. कथेतला होम्स मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. भोपळा नंतर नाटक-सिनेमावाल्यांनी त्याच्या तोंडात दिला.)

पण लाकूड यापुढे फारसं बोलत नाही. गाठ किती वर्षं वाढली हे कळलं तरी ती कोरली कधी हे कळत नाही. एकदाच ते जरा मोठ्याने बोललं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राचा रस्ता बंद झाला, अमेरिकेत ब्रायर येईना. तेव्हा तिथल्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियातल्या मँझनीटा झुडपाच्या गाठी वापरल्या आणि त्याला मिशन ब्रायर असं भारदस्त नाव दिलं. असा पाइप हाती आला तर तो युद्धाच्या वर्षांच्या आसपासचा म्हणायला हरकत नाही.

तर मग तारीख सांगतं कोण? माझं उत्तर: कस्टमवाले, सोनार आणि पेटंट ऑफिस. यांपैकी कुणालाही पाइपच्या इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. कंपनीची जाहिरात खोटं बोलेल, विक्रेता बोलेल, घरातले लोक प्रेमापोटी बोलतील. पण सरकारला घाबरून मारलेला शिक्का सहसा खरं बोलतो.

कस्टमपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनला जर्मन मालाची धास्ती वाटायला लागली. स्वस्त जर्मन सुऱ्या-कात्र्या इंग्लिश म्हणून विकल्या जात होत्या. म्हणून १८८७ मध्ये कायदा आला की परदेशी माल इंग्लिश म्हणून खपवायचा नाही, तो कुठला ते त्यावर दिसलं पाहिजे. 'मेड इन जर्मनी' हे शब्द खरं तर अपमान म्हणून सुरू झाले, पुढे तीच जाहिरात झाली हा भाग वेगळा. मग १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली टॅरिफ आणलं. १८९१ च्या मार्चपासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. अमेरिका म्हणजे मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे युरोपातल्या कारखान्यांनी मुकाट्याने देशाचं नाव कोरायला घेतलं. म्हणून पाइपवर 'इंग्लंड' किंवा 'फ्रान्स' दिसलं की बहुधा तो १८९१ च्या नंतरचा.

'बहुधा' म्हणालो, कारण कुणी आधीपासून हौसेनेही कोरत असेल. आणि उलट बाजूने तर्क चालत नाही. देशाचं नाव नाही म्हणून पाइप १८९१ च्या आधीचा, असं होत नाही. घरच्या बाजारात विकायच्या मालाला कोण कशाला शिक्का मारेल? विक्रेते नेमकी हीच उडी मारतात. नावच नाही, म्हणजे अँटिक!

आता सोनार. चांगल्या पाइपच्या दांडीवर चांदीचं कडं असतं आणि त्यावर हॉलमार्क. हॉलमार्क तुम्हाला माहितीये, आईच्या बांगडीवर असतो तो. आपल्याकडे हॉलमार्किंग सुरू झालं तेव्हा शुद्धतेच्या आकड्याबरोबर वर्षाचं एक अक्षरही असायचं. 'ए' म्हणजे २०००, 'बी' म्हणजे २००१. पुढे ते काढून टाकलं, आता सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी आलाय. घरी २००५ च्या आसपास घेतलेला दागिना असेल तर भिंग घेऊन बघा, सापडेल.

इंग्लंडमध्ये हीच पद्धत कित्येक शतकं जुनी. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासलेली, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, पण नांगर आहे, असो. शेजारी वर्षाचं अक्षर. लंडनचं चक्र तेव्हा २० अक्षरांचं असायचं, त्यात 'जे' नसायचा. १८९६ ला छोटा 'ए', १९१६ ला पुन्हा छोटा 'ए', १९३६ ला मोठा 'ए'. म्हणजे एकच अक्षर दर वीस वर्षांनी परत यायचं. मग अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार बघून चक्र ओळखायचं. कडं कुणी बनवलं त्याची आद्याक्षरंही असतात. 'ईबी डब्ल्यूबी' दिसलं तर बार्लिंग, लंडनचं जुनं घराणं.

ऐकायला एकदम सोपं. पण हॉलमार्क कड्याची तारीख सांगतो, पाइपची नाही. हे वाक्य मी लिहून भिंतीवर लावावं इतक्या वेळा लोकांना सांगितलंय. पाइपची दांडी तडकली की दुरुस्ती करणारा तडा झाकायला त्यावर चांदीचं कडं चढवतो. म्हणजे १९०५ चा पाइप आणि १९२८ चं कडं असं सहज होऊ शकतं. कडं दिसलं की लोक खूश होतात. मी आधी विचारतो, याच्या खाली काय लपवलंय?

आता पेटंट ऑफिस, आणि त्यासोबत या सगळ्या कथेतला माझा आवडता भाग: डनहिल.

आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडलं आणि १९१० पासून स्वतःचे पाइप बनवायला घेतले. पाइपच्या तोंडाकडच्या काळ्या भागावर एक पांढरा ठिपका. सांगतात की हा काळा भाग हाताने बनायचा, वर-खाली सारखाच दिसायचा, म्हणून वरची बाजू कळावी यासाठी ठिपका दिला. आज तोच ठिपका म्हणजे ब्रँड. साहजिकच स्वस्त पाइपला भोक पाडून पांढरा ठिपका बसवणारे उद्योगी लोकही आहेत.

डनहिलने पेटंट क्रमांक पाइपवरच कोरले, आणि क्रमांकाच्या शेवटी तिरपी रेघ मारून साल. ५८६१/१२ म्हणजे १९१२ चं पेटंट, आत बसवायच्या नळीचं. पाइप आतून स्वच्छ राहावा म्हणून ती बारीक नळी असायची. ११९७०८/१७ म्हणजे १९१७ चं, शेल फिनिशचं. लाकडावर जोरात वाळूचा मारा केला की मऊ भाग झिजतो, कडक रेषा उभ्या राहतात आणि पाइप शिंपल्यासारखा खडबडीत दिसतो. ४१७५७४/३४ म्हणजे १९३४ चं, पुन्हा नळीचं. आता विचार करा. ज्या पाइपवर शेवटी '/३४' आहे तो १९३० चा असू शकतो का? नाही. १९५० चा असू शकतो का? हो. पेटंट क्रमांक फक्त एका बाजूने दार बंद करतो.

दुसरी बाजू बंद करायला डनहिलचा छोटा अंक. 'मेड इन इंग्लंड' च्या शेवटच्या 'डी' नंतर एक बारीक अंक असतो. १९२१ ला '१', १९२२ ला '२', असं करत १९४० ला '२०'. का बरं? डनहिल पाइपवर वर्षभराची गॅरंटी द्यायचा. पाइप जळला, तडकला तर बदलून मिळेल. मग परत आलेला पाइप गॅरंटीत आहे की नाही हे दुकानदाराला कळायला हवं. बस, एवढंच कारण. आज तुम्ही इयरबड्स सर्व्हिस सेंटरला नेल्यावर काउंटरवरचा माणूस सिरीयल नंबर बघतो ना, तसा हा अंक. शंभर वर्षांनी कुणी पुण्यात बसून तो वाचेल असं त्यांच्या डोक्यातही नसणार.

डोक्यात नव्हतं याचा पुरावाही आहे. माझ्यासारखा कोड लिहिणारा माणूस हे बघून कपाळावर हात मारतो. अंक पुन्हा सुरू केले! १९६१ ला पुन्हा '१', १९७५ ला '१५'. म्हणजे '१५' दिसला तर १९३५ की १९७५? एकदम वायटूके. साल दोन आकड्यांत साठवलं आणि शतक विसरले, तसलाच प्रकार. पण गॅरंटी एकाच वर्षाची असेल तर चाळीस वर्षांनंतरचा गोंधळ ही कुणाची डोकेदुखी? डिझाइन त्यांच्या कामापुरतं अगदी बरोबर होतं.

मग सोडवायचं कसं? दोन पुरावे एकत्र करून. पेटंट क्रमांक कोरण्याची पद्धत १९५० च्या दशकात बंद पडली. तेव्हा '१५' च्या सोबत पेटंट क्रमांक असेल तर १९३५ कडे जा, नसेल तर १९७५ कडे. शिवाय फिनिशचं नाव बघा. टॅनशेल १९५२ ला आला, रेडबार्क १९७२ ला. रेडबार्कवर '१५' म्हणजे १९७५, विषय संपला. मधली चाळीस-पन्नासची दशकं जास्त किचकट आहेत. तिथे अंक केवढा आहे, जरा वर उचललाय का, खाली रेघ आहे का, असं बघत बसावं लागतं. मला त्यात मजा येते. घरच्यांना येत नाही.

आणि आता आयर्लंड. इथे तर पाइपवर थेट राजकारणच कोरलेलं आहे.

डब्लिनमध्ये काप बंधूंच्या दुकानाशी चार्ल्स पीटरसन नावाचा लाटव्हियाहून आलेला कारागीर जोडला गेला. पुढे कंपनीचं नाव झालं काप अँड पीटरसन. १८९० मध्ये पीटरसनने सिस्टीम पाइपचं पेटंट घेतलं. त्यात धुरातली ओल गोळा व्हायला आतच एक छोटी टाकी असते. पण वय काढायला ही टाकी उपयोगाची नाही. देशाचं नाव उपयोगाचं आहे, कारण तो देश आपलं नावच बदलत होता. १९२२ च्या डिसेंबरात आयरिश फ्री स्टेट झालं, ब्रिटिश साम्राज्यातलं पण स्वतःचं सरकार असलेलं. १९३७ च्या शेवटी नवी घटना लागू झाली आणि नाव झालं एरे. १९४८ च्या डिसेंबरात रिपब्लिक ऑफ आयर्लंडचा कायदा मंजूर झाला, १८ एप्रिल १९४९ ला लागू झाला. आणि पाइपवर ओळीने तेच: 'आयरिश फ्री स्टेट', मग 'मेड इन एरे', मग तीन ओळींत 'मेड इन द / रिपब्लिक / ऑफ आयर्लंड'. संसदेत भाषणं झाली आणि कारखान्यात कुणीतरी नवा शिक्का बनवायला टाकला.

अर्थात शिक्का पोलादाचा असतो, तो कायद्याच्या तारखेला मोडीत काढत नाहीत. झिजेपर्यंत वापरतात. त्यामुळे जुनं नाव नंतरही काही काळ दिसू शकतं. पण नवं नाव देश जन्मायच्या आधी दिसू शकत नाही.

यावरून एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट सांगतो, तिला विचारूनच. तिचं गाव सातारा जिल्ह्यात. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. याच आघाडीवर रायगडच्या यशवंत घाडग्यांना १९४४ मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरात पणजोबांचा पाइप आहे आणि तो त्यांनी १९४५ ला इटलीहून आणला, असं सगळे सांगतात. एका गोऱ्या कॅप्टनने दिला म्हणे. काका तो चकचकीत करायला सोनाराकडे बफिंगला द्यायला निघाले होते. तिने मला रात्री अकराला फोटो पाठवला आणि मी आधी एवढंच लिहिलं, "काकांना थांबव."

कारण बफिंग केलं की शिक्का जातो. काळा भाग व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, तो उन्हाने हिरवट-तपकिरी होतो, तो भाग सावकाश घासून काळा करता येतो. पण लाकडाच्या दांडीवरची अक्षरं केसाएवढी खोल असतात. मशीनवर दहा सेकंद, आणि पाइप कायमचा मुका.

तिला सांगितलं, खोलीतला दिवा बंद कर, मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धर आणि फोटो काढ. समोरून उजेड टाकला की अक्षरं सपाट दिसतात, आडव्या उजेडात सावली पडते. दुसरा फोटो आला. दांडीच्या एका बाजूला पीटरसनचं नाव. धातूच्या टोपीवर तीन चित्रं: तीन पानांचं शॅमरॉक, बसलेला कुत्र्यासारखा प्राणी, एक मनोरा. घरच्यांना तो चांदीचा हॉलमार्क वाटत होता. नाही. ती निकेलच्या टोपीवरची आयर्लंडची सजावट आहे, भले भले त्यात फसतात. आणि दुसऱ्या बाजूला तीन ओळी. मधली ओळ: 'रिपब्लिक'.

म्हणजे १९४५ ला इटलीत हा पाइप कुणाकडेच असू शकत नव्हता. ज्या देशाचं नाव त्यावर आहे, त्या नावाचा कायदाच १९४८ चा.

मी ते लिहून पाठवलं. खूप वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग तिने विचारलं, "आजीला सांगू का?" आजी म्हणजे पणजोबांची सून, ऐंशीच्या पुढच्या. माझं म्हणणं होतं, सांग, पण तारीख सांगायच्या आधी एक प्रश्न विचार: पाइप तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिला?

मला हे विचारायचंच होतं. शिक्के सगळे एकच गोष्ट सांगतात, 'याच्या आधीचा नाही'. 'याच्या नंतरचा नाही' हे सांगणारा शिक्का या पाइपवर नव्हता. ते सांगायला माणूस लागतो.

आजींचं उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा होता की. मामंजी ओसरीवर बसून ओढायचे, मला वास सहन व्हायचा नाही." लग्न १९६३ चं. म्हणजे पाइप १९४८ च्या अखेरीनंतरचा आणि १९६३ च्या आधीचा. पंधरा वर्षांची खिडकी, त्यातली एक कड डब्लिनच्या संसदेने दिली आणि दुसरी आजींच्या नाकाने.

मग तिने आजींना शिक्क्याचंही सांगितलं. आजी म्हणाल्या, इटलीहून एक आणलेला खरा, पण तोच हा का ते कोण सांगणार, मोडला असेल, दुसरा घेतला असेल. शक्य आहे. पणजोबा इटलीत होते याला त्यांची लष्करी कागदपत्रं आहेत, तो भाग पाइपवर अवलंबून नाहीच. गोऱ्या कॅप्टनचं मात्र काही सांगता येत नाही.

काकांनी बफिंगचा नाद सोडला. मैत्रिणीने पाइप सुती कपड्यात गुंडाळून ठेवलाय, सोबत एक चिठ्ठी: 'पीटरसन, डब्लिन. १९४८ नंतर, १९६३ च्या आधी. टोपी निकेलची, चांदीची नाही. घरात इटलीचा म्हणतात.' आजींची व्हॉइस नोट तिने फोनमधून काढून लॅपटॉपवर आणि आणखी एका ठिकाणी कॉपी केली आहे.